फारसी वाचताना न लिहिलेला 'ए' कसा ओळखायचा?

फारसीत नाम आणि त्याला जोडलेला शब्द यांच्यामध्ये 'ए' येतो. त्याला इज़ाफ़त म्हणतात. बोलताना तो ऐकू येतो, पण छापताना बहुतेक वेळा गाळलेला असतो, आणि नवशिक्याचं घोडं इथेच अडतं. 'दर खाने' म्हणजे घरात, 'दर-ए खाने' म्हणजे घराचं दार. लिखाण मात्र एकच!

मराठी माणसासाठी सोपी युक्ती आहे. शब्दसमूह शेवटाकडून उलटा वाचून पाहा. 'किताब बुज़ुर्ग मन' उलट केलं की मी, मोठं, पुस्तक, म्हणजेच 'माझं मोठं पुस्तक'. अर्थ असा सरळ जुळला, तर मधल्या प्रत्येक जोडावर 'ए' घाला: किताब-ए बुज़ुर्ग-ए मन. आधीचा शब्द 'आ', 'ऊ' किंवा 'ए' या स्वरांत संपत असेल तर 'ये' होतो, जसं खाने-ये मा, आमचं घर.

संख्या, 'ईन' (हा) आणि 'बेहतरीन'सारखी '-तरीन'वाली विशेषणं मात्र मराठीसारखीच नामाआधी येतात, तिथे इज़ाफ़त नाही: से किताब, तीन पुस्तकं. (संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं, हे बरंच आहे.)

सुरुवातीला धड्यातल्या प्रत्येक जोडाखाली पेन्सिलीने ज़ेरची, म्हणजे अक्षराखाली 'ए' दाखवणारी, तिरकी रेघ मारा आणि मगच मोठ्याने वाचा.