टॅक्सेशनला प्रवेश घेताय? आधी एवढं जमवा

सगळ्यात आधी वर्ष बघा. एम.कॉम. करत असा की विद्यापीठाचा डी.टी.एल. (करकायद्याचा डिप्लोमा), तुमचा पेपर कुठल्या वर्षाच्या कायद्यावर आहे हे विभागात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मगच पुस्तकं घ्यायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जा. बाकी विषयांची जुनी पुस्तकं खुशाल घ्या, करकायद्याचं मात्र फुकट दिलं तरी नको. दर अर्थसंकल्पात काहीतरी बदलतंच, आणि आता तर १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आहे. गुंतवणुकीवरच्या वजावटीचं कलम ८०सी गेलं १२३ मध्ये, पगारावरच्या टीडीएसचं (पैसे देतानाच कापलेल्या कराचं) कलम १९२ झालं ३९२. मागच्या वर्षांच्या नोटिसा आणि अपिलं मात्र जुन्याच कायद्यावर चालणार, म्हणून जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून ठेवा. छापील मिळेल, पण स्वतः लिहिलेलाच ऐनवेळी आठवतो.

घरातल्या कुणाची तरी पगाराची स्लिप मागून घ्या. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील आणि फेब्रुवारीत ३००. असं का? अकरा महिन्यांचे २,२०० आणि वरचे ३०० मिळून २,५०० होतात, आणि राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. आई नोकरी करत असेल तर तिचीही स्लिप बघा. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. एवढ्या एका ओळीतून जे कळतं ते वर्गात आठवडाभर बसून कळत नाही, असं माझं मत.

एक्सेल आणि टॅली यायलाच हवं, त्यावर जास्त बोलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ७, ११ आणि २० तारखेला गोल करा: टीडीएस भरणं, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), जीएसटीआर-३बी (महिन्याचं गोषवारा विवरणपत्र). सुट्टीत एखाद्या कर सल्लागाराकडे बसायची सोय बघा. मार्केट यार्डातल्या आडत्याची बिलं आणि चाकणच्या कारखान्याची बिलं एकाच टेबलावर येतात असं ऑफिस मिळालं तर पैसे कमी दिले तरी सोडू नका.

पुढे काय करायचं हे पहिल्याच वर्षी ठरवा, कारण वाटा लवकर फुटतात. टॅक्स ऑडिटवर (आयकरासाठीच्या हिशेब तपासणीवर) सही फक्त सीएची चालते, तेव्हा ते करायचं असेल तर डिप्लोम्यावर भागणार नाही. बी.कॉम. झालेल्याला जीएसटी प्रॅक्टिशनर (इतरांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देणारा) म्हणून नोंदणी करता येते, पण परीक्षा आहे. कंपनीच्या कर विभागात जायचं तर टीडीएस आणि इनपुट क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) ताळमेळ हाताखालून गेलेला हवा. सरकारी नोकरी हवी असेल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही: एमपीएससीचा राज्यकर निरीक्षक किंवा केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाचा (एसएससी) आयकर निरीक्षक व्हायला टॅक्सेशनच लागतं असं नाही, कुठलीही पदवी चालते. एमपीएससीच्या कर सहायकाला मात्र मराठी आणि इंग्रजी टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा क्लास आजच लावा. परीक्षेच्या तोंडावर बोटं वळत नाहीत.