तीन-चार वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिल देण्याआधी हे करून बघा

घरातलं एक मोठं ताट घ्या, त्यात दोन वाट्या, एक चमचा आणि मूठभर राजमा-छोले मिक्स करून द्या आणि बाजूला बसा, शिकवायला जाऊ नका. पोरगं आधी नुसतं ओतेल, सांडेल, मग आपोआप वेगळं करायला लागेल, मोठे इकडे छोटे तिकडे, आणि चिमटीत एकेक दाणा उचलताना अंगठा आणि बोटांची जी ताकद तयार होते ना तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. जास्त-कमी, भरलेलं-रिकामं हे गणितातले शब्दही असेच खेळता खेळता येतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 ला आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, तिथे सहकारी अनुताई वाघांसोबत त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया अशाच आसपासच्या वस्तू वापरल्या, महागडी खेळणी लागतच नाहीत खरंतर.

एक मात्र नक्की पाळा, तीन वर्षांखालच्या मुलाला दाणे अजिबात देऊ नका, नाकात घशात अडकतात, त्यांना पाणी आणि दोन प्लास्टिकचे पेले द्या, पण तिथेही सोबत बसाच, आणि खाली जुना टॉवेल अंथरा म्हणजे ओरडायची वेळ येत नाही.