प्रायोगिक मानसशास्त्रात पुढे शिकायचंय? कोल्हापूरच्या बीएवाल्यांसाठी

बीएला मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल सुरू झालं की वर्गात दोन प्रकारची मुलं दिसतात. बहुतेकांना जर्नल पूर्ण करून सही मिळवायची घाई असते. दोघं-तिघं मात्र आरशात बघून चांदणी गिरवायच्या प्रयोगातच अडकतात. सराव उजव्या हाताने केला, मग डाव्या हाताच्या चुका का कमी झाल्या? हा प्रश्न तुम्हाला घरी गेल्यावरही सुटत नसेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मीही कोल्हापुरातच बीए आणि एमए करून याच विषयात संशोधनाकडे वळले.

घरी पहिला प्रश्न येतो तो ‘मग तू काउन्सेलर होणार का?’ असा. उत्तर तयार ठेवा, कारण वाटा खरंच वेगळ्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम करावा लागतो. साध्या एमएवर ती मिळत नाही. प्रायोगिक वाटेवर या नोंदणीचा संबंध नाही. इथे लक्ष, स्मृती, संवेदन, निर्णय यांवर प्रयोग करायचे असतात. आपल्या देशात मानसशास्त्र आलं तेच या दाराने. कोलकाता विद्यापीठात १९१६ साली विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा हार्वर्डला मानसशास्त्रज्ञ म्युन्स्टरबर्गकडे शिकून आलेल्या एन. एन. सेनगुप्तांकडे होती.

आता पदव्यांचं. ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ अशा नावाची पदवी शोधत बसाल तर आपल्याकडे फारसं हाती लागणार नाही. हे काम दोन नावांखाली चालतं: एमए मानसशास्त्र आणि एमएस्सी कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं काम करतं याचं शास्त्र.

एमए कोल्हापुरात राहून करता येतं, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर त्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या एमएला पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ क्रेडिटचा विषय आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे. तुमची खरी संधी म्हणजे हा प्रकल्प. बहुतेक जण दोन प्रश्नावल्या घेतात, कला आणि विज्ञान शाखेची मुलं निवडतात, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लावतात आणि मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. एखादी तरी गोष्ट स्वतः बदलून बघा, म्हणजे तो प्रयोग होईल. महागडं उपकरण लागत नाही. सायकोपाय हे प्रयोग लावायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

एक बारकावा मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. साधा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. शब्द बरोबर २० मिलिसेकंद दाखवायचा म्हटलं तर अशा स्क्रीनवर ते शक्यच नाही. एक फ्रेम किंवा दोन, मधलं काही नाही. असल्या गोष्टी मला पुस्तकात कमी आणि प्रयोग लावताना जास्त कळल्या. पाळीपाळीने अटींचा क्रम बदलणं, खोलीतला उजेड सारखा ठेवणं, सहभागी माणसाला आधी नीट समजावून त्याची संमती घेणं हेही तसंच.

कॉग्निटिव्ह सायन्ससाठी गाव सोडावं लागतं. हैदराबाद विद्यापीठ, अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधन विज्ञानाचं केंद्र, आयआयटी गांधीनगर, पीएचडीसाठी आयआयटी कानपूर ही नावं आधी बघा. गांधीनगरच्या एमएस्सीला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. तिथे शेजारच्या बाकावर इंजिनिअर आणि भाषाशास्त्राची मुलं असतात. इंग्रजीचं आणि कोडिंगचं दडपण येतं, पण सहा महिन्यांत ते उतरतं, कारण प्रयोगाची मांडणी आणि माणसांच्या वागण्याची समज तुमची त्यांच्यापेक्षा पक्की असते.

परदेशाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात, आणि पीएचडीला बहुधा फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं. मास्टर्सचा खर्च मात्र बहुतेकदा आपल्याच खिशातून होतो. आपली तीन वर्षांची पदवी अनेक ठिकाणी अपुरी धरतात, म्हणून इथलं एमए तिकडेही उपयोगी पडतं. कर्ज काढून मास्टर्सला जाण्याच्या मी विरोधात आहे. या विषयात ते फेडण्याइतका पगार लगेच मिळत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांमधला फरक समजून घ्या; पहिली देशपातळीवरची, दुसरी राज्यपातळीवरची. सेट पास झालात तर महाराष्ट्र आणि गोव्यात सहायक प्राध्यापक व्हायला पात्र ठरता, पण शिष्यवृत्ती मिळत नाही. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला पीएचडी परवडते ती याच जोरावर. म्हणून एमएच्या पहिल्या वर्षापासूनच नेटची तयारी धरा.

संख्याशास्त्राला घाबरून अनेक हुशार मुलं ही वाट सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. सूत्रं पाठ करू नका. जॅस्प किंवा आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यात स्वतःचाच डेटा घालून बघा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडता न येणारे) होते आणि पुनरावृत्तीत फक्त ३६ टक्क्यांत. नमुना, म्हणजे सहभागींची संख्या, लहान असणं हे यामागचं एक कारण मानतात.

आणि कोल्हापुरात आहोत म्हणून मागे आहोत, असं समजू नका. २०१० च्या एका गाजलेल्या लेखाने दाखवून दिलं की या शास्त्राचे ९६ टक्के सहभागी जगातल्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले आहेत. राहिलेलं जग आपल्या दारात आहे. गडहिंग्लज-निपाणीकडची मुलं दिवसभर मराठी आणि कानडीत ये-जा करतात. एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवायला त्यांना किती वेळ लागतो? तालमीतल्या पैलवानाचा प्रतिक्रिया-काल कुणी नीट मोजलाय? असा प्रश्न घेऊन मुलाखतीला गेलात तर समोरचे सरसावून बसतात, हा माझा अनुभव आहे.

मार्गदर्शकाला मेल करताना त्यांचे दोन शोधनिबंध वाचून मगच लिहा आणि सोबत तुमच्या प्रकल्पाचा डेटा जोडा. हो म्हणाले तरी त्यांच्या लॅबमधल्या चालू विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचारा: मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, पेपरवर विद्यार्थ्याचं नाव कुठे येतं, आणि मागच्या मुलांची पीएचडी किती वर्षांत पूर्ण झाली.