एका कपाची कॉफी: घरासाठी साधन कसं निवडावं

आपल्याकडे घरी कॉफी म्हणजे बहुतेक वेळा दूध, साखर, चमचाभर इन्स्टंट आणि वरून किसलेलं जायफळ. ती आवडत असेल तर नवं काही विकत घ्यायचं कारण नाही. पण चिकमगळूर किंवा कूर्गच्या भाजलेल्या बियांची चव कळायला हवी असेल, आणि तीही सकाळी एकट्यापुरती, तर साधन विचार करून निवडावं लागतं. कॉफीची बरीचशी साधनं अर्धी भरून नीट चालत नाहीत. चार कपांच्या फिल्टरमध्ये एका कपाची पावडर टाकली तर तिचा थर इतका पातळ बसतो की पाणी तिला न भिजवताच खाली उतरतं. म्हणून पहिला नियम असा: एका माणसासाठी साधन छोटंच घ्या, ‘पाहुणे आले तर’ म्हणून मोठं घेऊ नका.

आधी दुधाचं ठरवा

दूध कॉफीची चव दाबतं. कॉफी पातळ असेल तर दूध घातल्यावर हाती फक्त तपकिरी दूध उरतं. दूध घालणार असाल तर घट्ट अर्क देणारं साधन हवं, म्हणजे दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला छिद्रं) किंवा मोका पॉट (वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढवणारं शेगडीवरचं भांडं). कोरी पिणार असाल तर कागदी गाळणीचा ड्रिपर, फ्रेंच प्रेस (दांडीच्या जाळीने चोथा खाली दाबायचं भांडं) किंवा एरोप्रेस (हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळायची नळी). कधी दुधाची, कधी कोरी अशी सवय असेल तर एरोप्रेस दोन्हीकडे निभावतो.

दाक्षिणात्य फिल्टर

दुधाच्या कॉफीसाठी आमची पहिली शिफारस हीच. वीज लागत नाही, कागद लागत नाही, मोडण्यासारखं काही नाही. भांडी बाजारात स्टीलचा सर्वांत लहान फिल्टर मागा. पितळी घ्यायचा असेल तर आतून कल्हई आहे ना, ते बघून घ्या; कॉफी आंबट गुणाची असते.

1. वरच्या भांड्यात 15 ग्रॅम पावडर घाला, म्हणजे पोह्याच्या चमच्याने सपाट तीन चमच्यांच्या आसपास. भांडं हलकेच आपटून पावडर समतल करा.
2. दांडीची चकती वर अलगद ठेवा. दाबू नका.
3. उकळी फुटलेल्या पाण्यातलं 20 मिली गोलाकार ओता आणि अर्धा मिनिट थांबा. पावडर फुगते.
4. मग आणखी 60 मिली सावकाश ओता आणि झाकण ठेवा.
5. 15 ते 20 मिनिटांनी खाली सुमारे 50 मिली डिकॉक्शन, म्हणजे घट्ट अर्क, जमतं. बाकीचं पाणी पावडर शोषून घेते. साधारण स्वतःच्या वजनाच्या दुप्पट.
6. 100 मिली दूध वेगळं तापवा आणि डिकॉक्शनवर ओता. डिकॉक्शन गॅसवर कधीही उकळू नका, वास उडून जातो आणि कडूपणा राहतो.

थेंब पडायचेच थांबले तर घाबरून वरून दाबू नका. अनेकदा दोन भांडी इतकी घट्ट बसतात की खालची हवा बाहेर पडत नाही. वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवलं की धार सुरू होते. तरीही अडलं तर पावडर फार बारीक आहे किंवा छिद्रं बुजली आहेत. छिद्रांत कॉफीचं तेल सुकून बसतं. रिकामा, कोरडा स्टीलचा फिल्टर पकडीने धरून छिद्रांची बाजू क्षणभर आचेवर फिरवली, की ते जळून निघतं आणि मग ब्रशने साफ होतं. चिकोरीमुळे (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) डिकॉक्शन गडद होतं आणि सावकाश उतरतं. पहिल्यांदा 20 टक्के चिकोरीची पावडर घ्या. बिनचिकोरीची घेतलीत तर थोडी जास्त बारीक दळून मागा.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनी रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवावा. उन्हाळ्यात मात्र उतरलेलं डिकॉक्शन फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

मोका पॉट

1933 सालचं हे इटालियन साधन. खोक्यावर ‘एक कप’ लिहिलेलं असतं तो कप इटालियन, जेमतेम 40 ते 50 मिलीचा. काळजी नको, 100 मिली दुधात मिसळला की आपला नेहमीचा कप भरतो. मोठा मग लागत असेल तर ‘दोन कप’वाला घ्या.

खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत पाणी भरा. जाळीची वाटी पावडरीने काठोकाठ भरून बोटाने सपाट करा, चमच्याने ठेचू नका. कडेवर सांडलेले कण पुसा, नाहीतर वाफ तिथूनच निसटते. घट्ट फिरवा, छोट्या बर्नरवर मंद आचेवर ठेवा आणि झाकण उघडं ठेवून बघत राहा. आधी मधासारखी गडद धार येते, मग तिचा रंग फिकट होतो आणि फुरफुर आवाज सुरू होतो. तो आवाज आला त्याच क्षणी उतरवा आणि बूड नळाखाली धरा. पुढे येते ती वाफेने ओढलेली जळकी कॉफी. घरोघरी मोका पॉट ‘कडू होतो’ म्हणून माळ्यावर जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा ही शेवटची वीस सेकंदं.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. अॅल्युमिनियमचा पॉट साध्या इंडक्शनवर तापत नाही. आणि एक कपाचं बूड इतकं लहान असतं की आपल्या शेगडीच्या पायांवर ते टेकत नाही, कलंडतं. वर ठेवायला छोटी लोखंडी जाळी लागते.

कोरी कॉफी: ड्रिपर, प्रेस, एरोप्रेस

कागदी गाळणी 1908 मध्ये जर्मनीच्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने आणली, कपात येणारा गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठी. आजही ड्रिपरचा गुण तोच आहे: स्वच्छ, हलकी, वासाची कॉफी. पहिल्यांदा प्लॅस्टिकचा ड्रिपर घ्या. स्वस्त तर आहेच, शिवाय चिनी मातीचा ड्रिपर पाण्याची ऊब स्वतःच शोषतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली असताना, हा फरक कपात कळतो.

कागद बसवून गरम पाण्याने धुवा, ते पाणी फेका. 15 ग्रॅम पावडर, वर 40 मिली पाणी, 40 सेकंद थांबा. मग तीन-चार वेळा थोडं थोडं ओतत एकूण 240 मिली करा. सगळं तीन मिनिटांच्या आसपास उतरलं पाहिजे. दीड मिनिटात उतरलं तर पावडर जाड आहे आणि कॉफी आंबट, पाणचट लागेल. पाच मिनिटं लागली तर फार बारीक आहे आणि ती कडू लागेल.

फ्रेंच प्रेस 350 मिलीचा पुरे. तेच 15 ग्रॅम, तेच 240 मिली पाणी, चार मिनिटं, एकदा ढवळून सावकाश दाबा आणि लगेच कपात ओता. तळाशी गाळ राहणारच, शेवटचा घोट सोडा. धुणं हीच त्याची खरी अडचण. चोथा सिंकमध्ये टाकला तर पाइप तुंबतो. तो कुंडीत मातीत मिसळा, पण थोडाच. जाड थर सुकून पाणी आत जाऊ देत नाही.

एरोप्रेसला 15 ग्रॅम, 200 मिली, दीड-दोन मिनिटं. दाबून झालं की चोथ्याची चकती ढकलून टाकायची, धुणं दहा सेकंदांत. घाईच्या सकाळी याला तोड नाही. पॉडचं (एका कपाच्या पावडरीच्या बंद डबीचं) यंत्र याहून सोपं, पण एका पॉडमध्ये पाच-सहा ग्रॅमच पावडर असते, दर कपाला खर्च जास्त, आणि वीज गेली की कॉफीही गेली.

दळण आणि पाणी

साधनापेक्षा इथे जास्त चुका होतात. दुकानात पावडर दळून घेताना साधनाचं नाव सांगा. फ्रेंच प्रेसला लापशी रव्यासारखी, ड्रिपरला बारीक रव्यासारखी, मोकाला बारीक मिठासारखी. मिक्सरमध्ये दळली तर निम्मी पीठ आणि निम्मी भरड होते, म्हणजे एकाच कपात कडूही आणि आंबटही. दुसरा इलाज नसेल तर थांबत थांबत फिरवा आणि पीठ चाळून काढा. लसणीचं वाटण होतं ते भांडं मात्र वापरू नका.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून गॅस बंद केल्यावर पाणी ‘निवू देण्याची’ फार गरज नाही. अर्धा मिनिट पुरे, तेही कॉफी फार गडद भाजलेली असेल तरच. इमारतीला बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं, कॉफी बोथट लागते. उलट आरओचं पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 50 च्या खाली गेलं की, चव ओढूनच घेत नाही. घरी नळाचं पाणी गाळलेलं असेल तर अर्धं ते, अर्धं आरओचं, असं करून बघा.

पावडर एका वेळी 100 ते 200 ग्रॅमच आणा. पावसाळ्यात डबा रोज उघडला की ती दमट होऊन गुठळ्या धरते आणि फिल्टर अडतो. दोन छोट्या घट्ट डब्यांत वाटून ठेवा, एक संपल्यावरच दुसरा उघडा.