कपाटातला जुना कॅमेरा बाहेर काढताय? या चुका टाळा

बाबांचा कॅमेरा सापडला की आपण पहिल्यांदा रोल आणायला धावतो. थांबा. आधी कॅमेऱ्याची पाठ उघडून रिकामाच चालवा. शटरच्या १ सेकंद आणि १/१००० सेकंद या वेगांतला फरक कानाला सहज कळायला हवा. दाराच्या कडेचा काळा फोम डांबरासारखा बोटाला चिकटला, तर तो बदलल्याशिवाय रोल भरू नका, प्रकाश आत झिरपतो. आणि एसएलआरचा (लेन्समधून आलेलं दृश्य आरशातून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा) आरसा रुमालाने पुसायचा नाही! त्याचा चमकता थर काचेच्या मागे नसतो, वरच असतो. ब्लोअरने धूळ उडवली की पुरे.

रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना रिवाइंडचा (फिल्म परत गुंडाळायचा) नॉब फिरतोय का, ते बघा. नसेल फिरत, तर फिल्म स्पूलला अडकलेलीच नाही. माझा पहिला ३६ फोटोंचा रोल असाच कोरा निघाला, तोही सख्ख्या बहिणीच्या लग्नातला.

प्रकाश मोजणारा मीटर चुकतोय? सेल तपासा. १९६०-७०च्या दशकांतले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. तिथे १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, की मीटरला प्रकाश आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रबरी रिंगमध्ये बसवून चालतो, पण स्टिकर काढल्यावर काही आठवडेच टिकतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला मात्र १.५ व्होल्टचाही त्रास होत नाही, तिचं सर्किटच तसं आहे.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या अडॅप्टरवर. हेलिओस ४४-२सारखी एम४२ (जुन्या स्क्रू-जोडणीची) लेन्स सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसावी लागते. निकॉनच्या डीएसएलआरचं (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याचं) माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडीच, ४६.५ मिलिमीटरवर. लेन्स गरजेपेक्षा लांब बसते, म्हणजे जवळचा चेहरा टिपता येईल, लांबचा डोंगर कधीच फोकस होणार नाही. काचवाला अडॅप्टर लावला तर डोंगर येतो, पण धार जाते. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४, सोनीच्या मिररलेसचं (बिनआरशाच्या कॅमेऱ्याचं) १८. तिथे साधा अडॅप्टर पुरतो. लेन्स लावूनही शटर दबत नसेल, तर मेनूमधलं ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा.

जुनी लेन्स घेताना अपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ती हमखास वाढते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवू नका, पिठाची धूळ आत जाते. झाकणबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्या, आणि जूनच्या आधी पुड्या बदला.