गाडीला आग लागली तर क्लेम कसा घ्यायचा (बंपर गमावून शिकलेलं)

मागच्या दिवाळीत आमच्या सोसायटीत, पुण्यात सिंहगड रोडला, कुणाचं तरी रॉकेट आडवं सुटलं आणि थेट माझ्या गाडीच्या कव्हरवर. कव्हर गेलंच, पण मागचा बंपर मेणबत्तीसारखा ओघळला आणि टेललॅम्पचा लाल गोळा खाली फरशीला चिकटून बसला. वॉचमनने बादल्या ओतल्या म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तर पहिलं काम, आत्ताच पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी (म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची) असेल तर स्वतःच्या गाडीच्या आगीचा एक रुपया मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा ओन डॅमेज असेल तर आग, स्फोट, गाडीने आपोआप घेतलेला पेट, वीज पडणं, दंगल, कुणी मुद्दाम पेटवणं, सगळं धरलेलं असतं. पण आत ठेवलेला लॅपटॉप वगैरे नाही हां.

आता खरी मेख. आगीत आधी वितळतं ते प्लास्टिक, रबर, टायर, आणि नेमकं ह्याच पार्टवर ५०% घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. म्हणजे बंपर १६ हजारांचा असेल तर ८ हजार तुमच्या खिशातून, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपणच सोसायची रक्कम. मी झिरो डेप (जादा हप्ता भरून हा घसारा टाळायची सोय) घेतलं नव्हतं, हजार-दोन हजार वाचवायला गेलो आणि हे झालं.

बाहेरून सीएनजी किट बसवलंय? मग ते आरटीओतून आरसीवर चढवा आणि पॉलिसीतही नोंदवून घ्या, नाहीतर आग लागल्यावर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. माझा मेव्हणा दोन वर्षं तसाच फिरत होता, मागे लागून लागून करून घेतलं.

चालत्या गाडीत बॉनेटमधून धूर आला तर कडेला घ्या, इग्निशन बंद, सगळे खाली उतरून लांब. बॉनेट उघडून बघायचा मोह आवरा, हवा मिळाली की भडका उडतो. १०१ ला फोन लावा, आग मोठी असेल तर क्लेमला फायर ब्रिगेडचा रिपोर्ट लागतोच. कुणी पेटवली असेल तर एफआयआर. कंपनीला त्याच दिवशी कळवा, चारी बाजूंनी फोटो काढा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेयर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, तो कितीही म्हणू दे "साहेब करून टाकू".

रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५% च्या वर गेला तर टोटल लॉस, मग हिशोब आयडीव्हीवर. चार वर्षं उलटलेल्या गाडीची आयडीव्ही शोरूमच्या किमतीच्या साधारण निम्मी धरतात, त्यामुळे हप्ता कमी दिसावा म्हणून रिन्यूअलला ती आणखी खाली ओढू नका. लोन चालू असेल तर पैसे आधी बँकेला जातात, हे लोकांना चेक आल्यावर कळतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडेच तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, आणि ऑफिस आपल्याच नारायण पेठेत आहे. फक्त रिक्षाने जा, तिथे पार्किंग मिळेल ही आशा सोडा.