जुन्या एमटीबीला व्ही ब्रेक की कँटिलिव्हर? आधी मुठीतला लीव्हर बघा

जुन्या गिअरच्या सायकलीचे, म्हणजे एमटीबीचे (माउंटन बाइकचे), ब्रेक बदलायचे म्हटलं की कोल्हापुरात कुठल्याही मिस्त्रीकडं एकच उत्तर मिळतं, "व्ही टाका, नाद खुळा लागतोय." व्ही म्हणजे लांब हातांचा, बाजूनं वायर येणारा ब्रेक; कँटिलिव्हर त्याच्या आधीचा, त्याची वायर वरून मधोमध येते. व्ही चांगलाच आहे, त्याबद्दल भांडण नाही. पण तो कुठल्या लीव्हरला जोडायचा, हे कुणी विचारतच नाही. सगळी गोम तिथंच आहे.

सुरुवात चिमट्यापासून, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कपासून करा. रिमच्या जरा खाली, आखाच्या बाजूला, दोन्हीकडं छोट्या खुंट्या वेल्ड केलेल्या असतील तर त्यांवर कँटिलिव्हरही बसतो आणि व्हीसुद्धा. खुंट्या नसतील, वरून एकाच बोल्टवर कात्रीसारखा ब्रेक लटकत असेल, तर निवड संपली. चांगली रबरं घाला आणि गप्प बसा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही सायकलींना मागं, पॅडलच्या जवळ खालच्या बाजूला यू-ब्रेक यायचा. त्याच्या खुंट्या रिमच्या वरच्या बाजूला असतात, त्यावर व्ही कधीच नीट बसणार नाही. कुणी "बसवतो की" म्हणालं तर सायकल उचलून घरी या.

पुढं शॉकअपवाला चिमटा असेल तर अजून एक गोष्ट. कँटिलिव्हरची वायर वरून मधोमध खाली येते, त्यामुळं तिच्या कव्हरला टेकायला कंस लागतो. बऱ्याच शॉकअपना तो नसतो. मग पुढं व्ही घालण्यावाचून पर्याय नाही, कारण त्याची वायर बाजूनं, वाकलेल्या नळीतून येते.

रिम स्टीलची, चकचकीत क्रोमची असेल तर ब्रेकवर पैसे घालू नका. पावसात त्या रिमवर कुठलाही ब्रेक साबण लावल्यासारखा घसरतो. आधी निदान पुढची रिम अॅल्युमिनियमची करा.

आता लीव्हर.

व्ही-ब्रेक हे शिमानो या जपानी कंपनीचं नाव. १९९६च्या सुमारास त्यांनी तो बाजारात आणला. त्याचे हात लांब असतात, त्यामुळं जोर जास्त मिळतो, पण वायरही जवळपास दुप्पट ओढावी लागते. त्याआधीचे लीव्हर कँटिलिव्हरसाठी केलेले, म्हणजे कमी वायर ओढणारे. दिसायला दोन्ही सारखेच. फसगत होते ती इथं.

माझी झाली. जुन्या लीव्हरवर नवा व्ही बसवून घेतला. गल्लीत एका बोटानं चाक जाम होत होतं, मी खूश. पण वायर कमी ओढली जाते म्हणून रबरं रिमला जवळपास चिकटवून ठेवावी लागली होती, आणि रिम किंचित डगमगत असल्यानं ती घासायला लागली. म्हणून वायर थोडी सैल केली. पावसाळ्यात पन्हाळ्यावरून उतरताना रस्त्यावरच्या ओल्या कचकचीनं रबर झिजलं, आणि वाघबीळच्या अलीकडं लीव्हर हँडलला येऊन टेकला. माझ्या बोटांत जोर होता, पण लीव्हरला पुढं जायला जागाच उरली नव्हती. एक बूट रस्त्यावर घासत, कडेच्या खडीच्या ढिगात सायकल घालून थांबलो. बुटाचा तळवा गेला, गुडघा सोलला, आणि ब्रेक कुणाच्याही सांगण्यावरून बसवायची सवय त्या दिवशी सुटली.

उलटी जोडीही तितकीच वाईट. व्हीच्या लीव्हरला कँटिलिव्हर जोडला तर लीव्हर दगडासारखा कडक लागतो. लोक म्हणतात, "ब्रेक कसला टाइट झालाय!" टाइट झालाय, पण सायकल थांबत नाही. हा घोटाळा दुकानात कळतच नाही, उतारावर कळतो.

म्हणून मोजा. लीव्हर ज्या पिनवर फिरतो तिच्या मध्यापासून वायरचा गोळा अडकतो त्या खाचेच्या मध्यापर्यंत पट्टी धरा. ३० मिमीच्या आत असेल तर तो कँटिलिव्हरचा. ३५च्या आसपास किंवा पुढं असेल तर व्हीचा. काही शिमानो लीव्हरला गोळ्याची जागा बदलायची सोय असते, त्यावर 'व्ही' आणि 'सी/आर' (कँटिलिव्हरसाठी) अशी इंग्रजी अक्षरं असतात. तसं असेल तर योग्य खाचेत सरकवा. अशा लीव्हरवरसुद्धा चुकीच्या खाचेत बसवलेला ब्रेक मी दोनदा पाहिलाय.

निर्णय आता सोपा. ब्रेकचा लीव्हर आणि गिअरचा खटका वेगवेगळे असतील तर व्हीचे लीव्हर आणि व्ही ब्रेक एकदमच घ्या. बजेट कमी असेल तर फक्त पुढचा संच बदला. मागं जुना कँटिलिव्हर त्याच्या जुन्या लीव्हरवर राहू दे, काही बिघडत नाही. थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. पण लीव्हर आणि गिअर एकाच अंगात असतील आणि गिअर अजून ठणठणीत पडत असतील, तर ते मोडीत काढू नका. कँटिलिव्हरच ठेवा. जुन्या लीव्हरवर व्ही चालावा म्हणून मध्ये बसवून वायरची ओढ वाढवणारी छोटी कप्पीही मिळते. मला ती पटत नाही, त्यात चिखल गेला की वायर तिथंच कातरते.

कँटिलिव्हर म्हणजे मागासलेला, असं मानू नका. त्याची रबरं रिमपासून लांब राहतात. उसाच्या फडातल्या वाटेनं चाकाला काळी माती चिकटली की व्ही आधी अडतो, हा नंतर. फक्त मधल्या आडव्या वायरीला धरणारा त्रिकोणी तुकडा जितका खाली घ्याल तितका जोर वाढतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींत साधारण काटकोन झाला की थांबा. आणि पुढच्या चिमट्यावरचा रिफ्लेक्टरचा कंस शोभेचा म्हणून काढू नका. मुख्य वायर तुटली तर आडवी वायर सैल होऊन टायरच्या गुट्ट्यांत अडकते, चाक जागच्या जागी जाम होतं आणि तुम्ही हँडलवरून पुढं जाता. तो कंस तिला वर झेलतो.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. खुंट्या पॉलिश पेपरनं साफ करा, ग्रीस लावा, स्प्रिंगचं टोक खुंटीच्या बुडाशी असलेल्या मधल्या भोकात. बोल्ट जास्त आवळून खुंटी फुगली असेल आणि ब्रेकचा हात अडकत असेल तर पेपरनं हळूहळू घासून घ्या, हातोडी मारू नका. खुंटीचा आटाच गेला असेल तर उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडं जा, असली कामं तिथं नेहमीची आहेत. व्हीच्या रबरांबरोबर जाड-पातळ वाट्या (खोलगट वॉशर) येतात. रबरं रिमला टेकल्यावर दोन्ही हात साधारण समांतर उभे राहतील अशा त्या अदलाबदल करून लावा. रबराचं पुढचं टोक मिलिमीटरभर आधी टेकलं पाहिजे, नाहीतर ब्रेक किंचाळतो. टायरला रबर अजिबात लागू देऊ नका, दोन दिवसांत टायर फाडतं.

मग पुढचा लीव्हर पूर्ण ताकदीनं दाबा. हँडलपासून एका बोटाच्या जाडीएवढी जागा उरली पाहिजे. तसाच दाबून सायकल पुढं ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. नवी वायर पहिल्या दिवशी सैल पडतेच; रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा, घरी येऊन वायर पुन्हा ओढून घ्या, आणि वाघबीळचा उतार त्यानंतर.